आमची वाटचाल: २५३ नंबरचं अक्षर

लोक विचारतात, तुम्ही अजून ते पिक-बिकच करता का, आणि विचारताना चेहरा असा करतात जसं काही आम्ही टाइपरायटर दुरुस्त करून पोट भरतो. हो, तेच करतो, पिक नावाच्या जुन्या डेटाबेसच्या घराण्याचं काम. युनिव्हर्स, युनिडेटा, मधेच कुणाकडे डी३ निघालं तर तेही. जोडीला पायथन, गिट, व्हीएस कोड, रेस्ट एपीआय सगळं आहे, पण ते कुणी विचारत नाही.

सुरुवात आम्ही दोघांनी केली, मी आणि माझा पार्टनर. त्याच्याकडे एक वही होती, प्राइम नंबरची, त्यानेच हाताने लिहिलेली. फाइल बनवायची वेळ आली की किती रेकॉर्ड येणार, एक रेकॉर्ड साधारण किती बाइटचं, आयडी कसले, एवढं विचारायचा आणि वहीत बोट फिरवून मोड्युलो, म्हणजे फाइलचे किती ग्रुप पाडायचे तो आकडा, सांगायचा. हल्लीच्या पोरांना यातलं काही माहीत नाही, कारण टाइप ३० ची डायनॅमिक फाइल केली की ती आपली आपण वाढते, लोड ८० टक्क्यांच्या वर गेला की ग्रुप फुटतो, मोड्युलोचं कुणाला पडलंय. पण तेव्हा लोक ७ चा मोड्युलो देऊन फाइल बनवायचे आणि विसरून जायचे, मग लाखभर रेकॉर्डं सात ग्रुपांत कोंबलेली आणि एक रीड मारला की ओव्हरफ्लोची, म्हणजे ग्रुपबाहेर सांडलेल्या रेकॉर्डांची, अख्खी आगगाडी फिरायची. पार्टनर फाइल.स्टॅट बघायचा, वही उघडायचा, रिसाइझ मारायचा आणि सकाळी लावलेला रिपोर्ट जो दुपारी यायचा तो चहा संपायच्या आत यायला लागायचा. या एका कामावर आम्ही पहिली दोन गिऱ्हाइकं मिळवली, बाकी जाहिरात वगैरे काही नाही.

त्यातलं एक गिऱ्हाईक आजपर्यंत आहे. स्पेअर पार्ट्सचं होलसेल. त्यांच्या अकाउंट्समधल्या ताई, प्रोग्रामर नाहीत पण प्रॉम्प्टवर बसून लिस्ट, सिलेक्ट, ब्रेक-ऑन असं काही लिहायच्या की आमच्याकडे नोकरीला आलेल्या मुलांना मी सांगायचो, आधी ताईंकडे आठवडाभर बसा. ही क्वेरीची भाषा बनवलीच होती साध्या माणसाने लिहावी म्हणून. १९६५ मध्ये डिक पिक आणि डॉन नेल्सन अमेरिकेत टीआरडब्ल्यू कंपनीत बसून लष्कराच्या शायन हेलिकॉप्टरच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला जे करत होते ते हेच. म्हणजे सुटे भाग तिथेही आणि सुटे भाग ताईंकडेही.

ताईंचा पहिला मोठा फोन १८ मे १९९५ चा. ज्यांनी तेव्हा काम केलंय त्यांना तारीख वाचूनच कळलं असेल. पिकमध्ये तारीख म्हणजे ३१ डिसेंबर १९६७ पासूनचे दिवस, तो शून्य, आणि १८ मे १९९५ ला आकडा झाला १००००. चाराचे पाच आकडे. आमच्या डिक्शनरीत, म्हणजे फील्डची माहिती जिथे असते तिथे, तारखेचं जस्टिफिकेशन एल, म्हणजे डावीकडून, पडलेलं, म्हणजे सॉर्ट अक्षरांसारखा होणार, म्हणजे १०००० हा ९९९९ च्या आधी. ताई म्हणाल्या, “अहो, आजची बिलं सगळ्यात जुन्या बिलांच्याही वर कशी आली?” एल चा आर, म्हणजे उजवीकडून, केला, संपलं. एका अक्षराचं काम, पण आमच्या आधी त्यांना दिसलं हे लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

मधली वीसेक वर्षं बरी गेली.

मग ‘मॉडर्नायझेशन’ आलं. एक मोठी कन्सल्टिंग कंपनी, नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आमच्या गिऱ्हाइकांकडे फिरायला लागली. स्लाइडवर हिरव्या स्क्रीनचा फोटो, वर लाल फुली. म्हणे हा डेटाबेस फर्स्ट नॉर्मल फॉर्म, म्हणजे एका खान्यात एकच व्हॅल्यू हा नियम, मोडतो. मोडतो की! एका ऑर्डरमध्ये आयटम कोड, नग, भाव, सगळ्यांच्या व्हॅल्यू शेजारी-शेजारी, एक रीड मारला की पूर्ण ऑर्डर हातात, तेच तर सुख आहे. हे नियम ज्याच्या रिलेशनल मॉडेलमधून आले त्या कॉडचा पेपर १९७० चा, आपलं काम त्याच्या आधीचं, आणि गंमत म्हणजे हीच माणसं काही वर्षांनी जेसनचे डॉक्युमेंट डेटाबेस घेऊन आली आणि एका रेकॉर्डमध्ये लिस्ट ठेवता येते हे आम्हालाच नवीन म्हणून सांगायला लागली. त्या मीटिंगला मी गप्प बसलो याचा मला अजून राग आहे.

पण एक खरं की बाहेरच्या जगाशी बोलायला आमच्याकडे धड दारंच नव्हती. म्हणून पायथन घेतलं. युनिव्हर्स ११.३ पासून पायथन आतच मिळायला लागलं, बाहेरून जोडायला यूओपाय नावाची पायथन लायब्ररी आली, आणि आम्ही आनंदाने कामाला लागलो. प्रोग्रामच्या बीपी फाइली टाइप १९ च्या होत्याच, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या नजरेने साधी डिरेक्टरी, तिथे सरळ गिट इनिट केलं आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा कळलं की कुठली ओळ कुणी बदलली. त्याआधी आमचं व्हर्जन कंट्रोल म्हणजे प्रोग्रामच्या नावापुढे डॉट ओल्ड. हॅश फाइलमध्ये, म्हणजे त्या ग्रुपवाल्या फाइलमध्ये, सोर्स ठेवत असाल तर तो आधी बाहेर काढा, गिटला हॅश फाइलमधलं काही दिसत नाही. हे फुकट सांगतोय. ईडी हा जुना एका-एका ओळीचा एडिटर मात्र मी सोडलेला नाही, सर्व्हरवर रात्री दोनला एक ओळ बदलायची तर ईडी आणि सेव्ह करायला एफआय, बास.

आता ती गोष्ट.

ताईंच्या कंपनीला ऑर्डरमधले फोन नंबर साफ करून हवे होते, कुठे डॅश, कुठे स्पेस, कुठे दोन नंबर एकात. मी म्हणलं हे पिकच्या बेसिकमध्ये कशाला, पायथनमध्ये मुलगा दुपारपर्यंत करेल. रात्री ऑर्डर टाइप १९ च्या फाइलमध्ये कॉपी करायच्या, स्क्रिप्टने उघडून नंबर साफ करायचा, ज्या बदलल्या त्याच परत कॉपी करायच्या. मुलाने फाइल उघडली यूटीएफ-८, म्हणजे हल्लीचं नेहमीचं एन्कोडिंग, म्हणून, एरर आला, तर इंटरनेटवर बघून एरर्स इक्वल्स इग्नोर टाकलं. मी ते वाचलं. मी ‘ओके’ म्हणलं. हे मी कुणावर ढकलत नाही.

ट्रेडमधल्या लोकांना एव्हाना घाम फुटला असेल. टाइप १९ मध्ये रेकॉर्ड उतरलं की दोन फील्डमधला ॲट्रिब्यूट मार्क, आपला २५४ नंबरचा बाइट, त्याची नवीन ओळ होते, ते ठीक. पण एका फील्डमधल्या व्हॅल्यू वेगळ्या ठेवणारा व्हॅल्यू मार्क २५३ आणि त्याच्याही आतला सबव्हॅल्यू मार्क २५२ तसेच बाइट म्हणून राहतात, आणि हे दोन्ही बाइट यूटीएफ-८ मध्ये कुठेच चालत नाहीत. इग्नोर सांगितलं की पायथन ते गुपचूप गिळतं. ओळी सगळ्या जागच्या जागी, नाव बरोबर, फोन बरोबर, आणि ओळीच्या आतल्या व्हॅल्यू एकमेकांना चिकटलेल्या. आमचा टेस्ट डेटा एका-एका आयटमच्या ऑर्डरींचा, त्यात २५३ मुळातच नाही, टेस्ट पास.

चौथ्या दिवशी ताईंचा फोन. “अहो, बारा हजार पाचशे चाळीस नग कोणी मागवलेत? यांनी आयुष्यात शंभराच्या वर घेतले नाहीत.” १२, ५ आणि ४० होते ते. हात गार पडले.

तीन रात्री स्क्रिप्ट चाललेली, वरून चार दिवसांच्या नव्या ऑर्डरी, बॅकअप सरळ वर टाकता येईना. ज्या ऑर्डरी जुन्या होत्या आणि नंतर कुणी हात लावला नव्हता त्या बॅकअपमधून रेकॉर्ड टु रेकॉर्ड उचलल्या, प्रोग्राम पार्टनरने लिहिला, बेसिकमध्ये, ईडीवर. उरल्या त्या बॅकअपनंतर आलेल्या, त्यांची दुसरी प्रत कुठेच नाही. त्यांची वाट ताईंनी काढली. आयटम कोड सहा अक्षरांचा, म्हणजे चिकटलेली ओळ सहा-सहाने तोडली की किती आयटम ते कळतं. तीन आयटम आणि १२५४० चे तुकडे सहा तऱ्हांनी पडतात, त्यातल्या तीन तऱ्हांत शेवटचा नग शून्य येतो, शून्य नग कोण मागवणार, राहिल्या तीन. भाव आयटम मास्टरमध्येही, एकूण रक्कम ऑर्डरच्या वेगळ्या ॲट्रिब्यूटमध्ये आणि ती एकेरी व्हॅल्यू, म्हणून शाबूत. गुणून बेरीज जुळली ती खरी. प्रोग्रामने बहुतेक सोडवल्या, ज्यांच्यात दोन उत्तरं जुळत होती त्या ताई आणि मी कागदावर बिलं घेऊन बसून सोडवल्या. दोन रात्री. एकही ऑर्डर चुकीची गेली नाही.

पण बातमी गेली. त्या कन्सल्टिंग कंपनीच्या सेल्सच्या माणसाने आमच्या बाकी गिऱ्हाइकांना सांगितलं की बघा, जुना डेटाबेस डेटा खातो. डेटाबेसने एक बाइट खाल्ला नव्हता हो! खाल्ला तो नव्या टूलने आणि टूल वापरणाऱ्या आम्ही. हे समजावायला मी जिथे जिथे गेलो तिथे २५३ म्हणजे काय इथूनच सुरुवात करायला लागायची आणि पाचव्या मिनिटाला समोरचा मोबाइल बघायचा. दोन गिऱ्हाइकं गेली. सात माणसांची तीन झाली. पार्टनर म्हणाला माझं वय झालं, आणि गेला. वही टेबलावर ठेवून गेला, त्यावर आम्ही बोललो नाही.

ताईंच्या मालकांनी रिपोर्टिंग त्या कन्सल्टिंगवाल्यांना दिलं आणि ऑर्डर एंट्री आमच्याकडे ठेवली, ती पण ताई अडून बसल्या म्हणून.

त्यानंतर नियम केले, आमचे आमच्यासाठी, तुम्हाला हवे तर घ्या. फाइल उघडायची तर बाइटमध्ये, नाहीतर लॅटिन-१ मध्ये, त्यात २५६ च्या २५६ बाइट जसे येतात तसे परत जातात. आधी मार्कवर तोडा, मग एकेक तुकडा हवा त्या एन्कोडिंगमध्ये वाचा. जेसन बनवताना मल्टीव्हॅल्यू फील्ड कायम लिस्ट म्हणूनच द्या, एकच व्हॅल्यू असली तरी, नाहीतर एका आयटमची ऑर्डर आली की समोरच्या जावास्क्रिप्टवाल्याला स्ट्रिंग मिळते आणि तो तुम्हाला शिव्या देतो. जोडीच्या फील्डमध्ये शेवटच्या रिकाम्या व्हॅल्यू बऱ्याचदा लिहिलेल्याच नसतात, तेव्हा सगळ्यात लांब फील्ड बघून बाकीची भरून घ्या. आणि कनेक्शन पूल, म्हणजे उघडी ठेवलेली सेशन आळीपाळीने, वापरत असाल तर रीडयू, म्हणजे लॉक लावून वाचणं, जपून, रिक्वेस्ट मधेच मेली तर लॉक सेशनकडेच राहतो, सेशन पूलमध्ये परत जातं, आणि दुसरा माणूस त्याच रेकॉर्डसाठी लटकून बसतो. रेकॉर्ड लॉक असेल तर काय करायचं ती लॉक्डची फांदी लिहाच. टेस्ट डेटात तीन आयटमची एक तरी ऑर्डर, हे तर मी भिंतीवर चिकटवलंय.

आता पाच जण आहोत. ताई रिटायर झाल्या, त्यांच्या जागी आलेल्या मुलीला आम्ही वेब स्क्रीन दिली, पण ती प्रॉम्प्टही मागून घेऊन गेली, ताईंनी सांगितलं होतं म्हणे.

मागच्या महिन्यात एक मेल आला. त्याच कन्सल्टिंग कंपनीचा. कुठल्यातरी गिऱ्हाइकाचा युनिव्हर्सचा डेटा रिलेशनलमध्ये नेताहेत, टेबलमध्ये प्रत्येक ऑर्डरची एकच ओळ येते आणि नगाचे आकडे फार मोठे दिसतात, तर तुम्ही काही मदत करू शकाल का. मेल मी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला, दोनदा. पार्टनरलाही फॉरवर्ड केला. मग कोटेशन पाठवलं, ॲडव्हान्स पूर्ण मागितला. अजून उत्तर नाही.