भेगेच्या आतला रंग

मे महिन्यात भुसावळात घर तपासायचं तर सकाळी आठच्या आत. त्या दिवशी फोनच दहाला आला. मी पोचले तेव्हा टेम्पो दारात उभा होता, कपाट आणि गाद्या वर चढवून झाल्या होत्या आणि फ्रिज जिन्यात अडकला होता. खरं म्हणजे घरमालक काकांनीच तो अडवला होता. हिशोब झाल्याशिवाय सामान हलणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

मी सिव्हिल इंजिनिअर आहे, जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं घेते. भाडेकरू घर सोडताना निघालेलं नुकसान कोणाचं, हे सांगायलाही मला बोलावतात. जाताना माझी एकच अट असते. फी दोघांनी निम्मी-निम्मी द्यायची. एकाच्या पैशावर गेलं की दुसरा पहिल्या वाक्यालाच कान बंद करतो.

वरच्या मजल्यावर हॉल, किचन, बेडरूम. भाडं ८,००० आणि डिपॉझिट ४०,०००. भाडेकरू रेल्वेत, बदली नागपूरला. तिथे नव्या घरमालकाला डिपॉझिट द्यायचं ते याच पैशातून, हे बाईंनी मला आल्या-आल्या सांगितलं. काकांच्या हातात एका पेंटरनं लिहून दिलेला कागद होता. पूर्ण घराचा रंग २८,०००, भेगा भरणं ९,०००, बाथरूमचा दरवाजा, बेसिन आणि किरकोळ मिळून ९,०००. एकूण ४६,०००. म्हणजे डिपॉझिट तर गेलंच, वर भाडेकरूंनी ६,००० द्यायचे.

"मॅडम, यांना घर देताना नवा कोरा रंग दिला होता मी. हॉलची भिंत बघा, उभी चिरली. धडाधड काय काय आपटू राहिले असतील वर!"

"काका, भिंतीला खिळासुद्धा ठोकला नाही आम्ही," बाई म्हणाल्या. त्यांचे मिस्टर रात्रपाळी करून आलेले, डोळे लाल. ते बोलतच नव्हते.

मी आधी भेगेकडे गेले. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी खाली उतरलेली, वर रुंद आणि खाली येता-येता केसाएवढी. अशी भेग आपटण्यानं पडत नाही. आपटण्याची खूण एका जागी असते, तिथलं प्लास्टर ठोकरून निघतं. तिरकी, एका टोकाला रुंद भेग म्हणजे भिंतीचा एक भाग खचलाय. तापीकाठच्या काळ्या मातीत हे सर्रास होतं. ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया मुरूम लागेपर्यंत खोल नेलेला नसेल तर दर वर्षी घर थोडं उचललं जातं, थोडं खाली बसतं. मी काकांना म्हटलं, चला, खाली तुमच्या घरात बघू. त्यांच्या देव्हाऱ्याच्या शेजारी, त्याच कोपऱ्यात, तीच रेघ होती. त्यावर कॅलेंडर लावलेलं.

तरी काका मानेनात. वरची भेग नवी आहे म्हणाले. मग मी वर जाऊन बॅटरी लावली आणि पातळ पट्टीनं भेगेची कड खरवडली. बाहेर क्रीम रंग. भेगेच्या आत, दोन्ही बाजूंना, तोच क्रीम रंग खोलवर उतरलेला, आणि त्याच्याही खाली पिस्ता रंगाचा थर. ब्रशचा रंग उघड्या फटीतच उतरतो. भेग नंतर पडली असती तर आत कोरं प्लास्टर दिसलं असतं.

"काका, क्रीम रंग कधी दिला?"

"हे यायच्या आधी. सांगितलं ना."

"म्हणजे तेव्हा भेग होती. त्याआधीचा पिस्ता दिला, तेव्हाही होती."

काकांनी माझ्या हातातली बॅटरी घेतली आणि स्वतः वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला त्या माणसाचा राग आला नाही. निवृत्तीचा पैसा त्या वरच्या मजल्यात गेलेला, आणि घर खचतंय हे ऐकण्यापेक्षा कोणीतरी भिंत फोडली हे मानणं सोपं असतं.

आता कूलर. इथे मात्र भाडेकरूंची बाजू पडली. पारा ४५ च्या वर जाणाऱ्या गावात कूलर कोणी लावायचा नाही असं म्हणूच शकत नाही. पण बेडरूमच्या खिडकीतल्या कूलरचा बॉल वॉल्व्ह, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणारी तोटी, बिघडलेला होता आणि पाणी भरून वाहत राहिलं होतं. खिडकीखालचं प्लास्टर फुगलेलं, पांढरा खार फुटलेला, हात लावला की पोपडे गळत होते. हे एका उन्हाळ्याचं काम नव्हे. भाडेकरू पहिल्यांदा बोलले, "कूलर म्हटला की पाणी सांडणारच." मी म्हटलं, सांडणं वेगळं आणि वॉल्व्ह न बदलणं वेगळं. वापरून जे झिजतं ते मालकाचं. दुर्लक्षानं जे बिघडतं ते राहणाऱ्याचं.

त्यावर बाईंनी मोबाइल काढला. मागच्या जुलैत काकांना पाठवलेले फोटो होते. कूलर बंद, बाहेर पाऊस, आणि तरी त्याच जागी ओल. मी बाहेरून खिडकीची पट्टी पाहिली. तिला बाहेर उतारच नव्हता, पाणी आत वळत होतं. हा बांधकामाचा दोष. मी त्या भिंतीचा खर्च ५,२०० काढला आणि दोघांत निम्मा केला.

बाकीचं भराभर उरकलं. बाथरूमचा दरवाजा खालून कुजला होता. फ्लश डोअर, म्हणजे प्लायवुडचं सपाट दार, बाथरूमला लावलं की ते कुजणारच, त्याचे पैसे भाडेकरूकडून नाहीत. बेसिनला मुलाच्या हातून बादली लागून तडा गेलेला, ते १,८०० भाडेकरूंचे. दोन फुटके स्विच, ४००.

राहिला पूर्ण घराचा रंग. माणसं तीन वर्षं राहिली की भिंत थोडी मळणार, सोफ्याच्या मागे रेघ उमटणार. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम १०८ मध्येच लिहिलंय की भाडेकरूनं जागा मिळाली त्या स्थितीत परत द्यायची, पण वाजवी झीज वगळून. केंद्रानं २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला. त्यात भिंतींचा रंग मालकाकडे आहे, तर नळाचे वॉशर, स्विच, कड्या-कुलपं आणि काचा भाडेकरूकडे. घरासाठी डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नको असंही त्यात आहे. राज्यानं स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही, पण वाटणी कशी करावी याचा नमुना म्हणून मी तो मोबाइलमध्येच ठेवते.

काकांनी शेवटचा कागद काढला, करार. स्टॅम्प पेपरवर टाइप केलेला, नोंदणी नाही. त्यात "घर सोडताना रंगाचा खर्च भाडेकरू देईल" असं वाक्य होतं. मला सांगावंच लागलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. अकरा महिन्यांचा असला तरी. ती नोंदणी करून घेणं मालकाचं काम. नसेल केली, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मी हे धमकी म्हणून सांगितलं नाही. भाडेकरूंनाही म्हटलं, याचा दांडका करू नका, बेसिनचे पैसे द्या.

कपात झाली ४,८००. परत द्यायचे ३५,२००.

आणि तेव्हा काका गप्प झाले. पैसे नव्हते. डिपॉझिट कधीच बोअरच्या मोटारीत गेलं होतं. ४६,००० चा कागद कुठून आला, ते मला तिथे कळलं. मी खूप घरांत हेच पाहिलंय, आणि मला ते सहन होत नाही. अनामत म्हणजे ठेवायला दिलेला दुसऱ्याचा पैसा. मालक तो खर्चून बसतो, आणि मग परत देण्याची वेळ आली की भिंतीत दोष शोधतो. नागपुरात नवीन घराच्या दारात उभं राहून हे कुटुंब काय देणार होतं?

काकांच्या मुलानं पुण्याहून फोनवर २०,००० लगेच पाठवले. उरलेल्या १५,२०० साठी मी कागदावर तारीख लिहून घेतली, दोघांच्या सह्या, माझी साक्षीदार म्हणून. फ्रिज उतरला आणि टेम्पो दुपारी तीनला निघाला, भर उन्हात.

पैसे तारखेनंतर आठवडाभरानं पोचले. नवीन भाडेकरू येण्याआधी काकांनी मला पुन्हा बोलावलं. या वेळी करार नोंदवला आणि खोल्यांचे फोटो त्याला जोडले. भेगेवर मी काचेच्या दोन पट्ट्या चिकटवल्या आहेत. भिंत हलली तर काच तडकेल. पायाजवळ पाणी साचू नये म्हणून घराभोवती उताराचा ओटा करायला सांगितलाय, बाथरूमचं सांडपाणी लांब न्यायला सांगितलंय. ओट्याचं काम अजून व्हायचंय, आणि पाऊस तोंडावर आहे.