विक्रीस मनाई

कँपिनासला आमच्या शेजारची मुलगी मला 'तिआ' म्हणते, म्हणजे आपल्याकडची मावशीच. परवा केमिस्ट्रीचं पुस्तक घेऊन आली. वर ठळक छापलेलं, 'विक्रीस मनाई'. ब्राझीलमध्ये सरकारी शाळांतल्या मुलांना पुस्तकं फुकट मिळतात आणि पुढच्या मुलांसाठी परत करावी लागतात. मी समासात पेन्सिल टेकवली, तर तिने पुस्तक ओढूनच घेतलं!

गणित सीझियम-१३७ या किरणोत्सारी पदार्थाचं. अर्धायुष्यकाल, म्हणजे निम्मा उरायला लागणारा वेळ, ३० वर्षं; ९० वर्षांनी किती उरेल? एक अष्टमांश. पण शेजारी रंगीत चौकट होती आणि मी तिच्यातच अडकले.

ब्राझीलमधलंच गोयानिया शहर, सप्टेंबर १९८७. बंद पडलेल्या रेडिओथेरपी केंद्रातून दोघांनी यंत्राचा भाग उचलून भंगारात विकला. आत अंधारात निळी चमकणारी सीझियमची पूड. कौतुकाने नातेवाइकांत वाटली, कोणी अंगाला चोळली. चौघं गेली, त्यात सहा वर्षांची लाइदे. भंगारवाल्याची बायको मारिया गाब्रिएला, घरात एकेक जण आजारी पडतोय हे तिच्याच लक्षात आलं. ती वस्तू पिशवीत घालून चक्क बसने आरोग्य खात्याच्या कचेरीत नेली. पुढे तीही वाचली नाही.

खाली प्रश्न : यंत्र तिथे बेवारस राहिलं, ही जबाबदारी कोणाची? हा किरणोत्सारी कचरा तुमच्या गावाजवळ पुरायचा ठरला तर सभेत काय बोलाल?

"याला मार्क किती?"

"हे परीक्षेत नसतं, तिआ. बाई सोडून देतात."

शिक्षणाने नागरिक घडवावा असं इथल्या १९८८ च्या राज्यघटनेतच आहे, १९९६ च्या शिक्षण कायद्यातही. म्हणून चौकट आली. पण आपल्याकडे इतिहासाच्या शेपटाला नागरिकशास्त्र, तशी ही रसायनाच्या कडेला. तो कचरा गोयानियाजवळच्या आबादिया दे गोयासला ठेवलाय. त्यावर पहारा किती वर्षं, हे गणितातच विचारा की! विजेच्या बिलामागे आम्ही मांडलं : ३०० वर्षांत दहा अर्धायुष्यं, तरी हजारावा भाग उरतोच.

मग मी तिला दिल्लीतलं मायापुरी सांगितलं. २०१० साल, विद्यापीठाच्या रसायन विभागातलं जुनं यंत्र भंगारात गेलं, आत कोबाल्ट-६०, तोही किरणोत्सारी, एक माणूस दगावला.

"रसायन विभागातलं?" तिने दोनदा विचारलं.