कढई गप्प झाली की तेल झालं

आमच्या घरात केसांचं तेल मी कढवतो. बायकोची शाळा सकाळची, आणि माझी शिरोली एमआयडीसीत दुसरी पाळी असली की सकाळ मोकळी. गल्लीतल्या मावश्या आधी हसायच्या, आता दिवाळी जवळ आली की आपणहून चौकशी करतात. प्रश्न ठरलेला : "त्यात काय काय घालतोस रं?"

माका, जास्वंद, कढीपत्ता, आवळा, थोडी मेथी. ही यादी कुणालाही पाठ असते. तेल बिघडतं ते यादीमुळं नव्हे, पाण्यामुळं. ओला पाला कढईत गेला की त्याच्यासोबत पाणी गेलंच. ते पुरतं उडालं नाही तर बाटलीला कुबट वास मारायला लागतो. सगळा खटाटोप त्या पाण्याला हाकलण्याचा.

माका आणतो मामाच्या रानातनं, वडणग्याला. पावसाळा सरत आला की उसाच्या पाटाकडेनं मुबलक असतो. पण हात लावायच्या आधी मामीला विचारायचं, "औषध मारलंय काय?" ऊसवाल्याच्या लेखी माका हे तणच, तणनाशक पडलेलं असू शकतं. बारीक पांढरं फूल आणि पान चुरगळल्यावर काळी पडणारी बोटं, ही त्याची खूण. लांब दांड्यावर एकच फूल, मध्ये पिवळं दिसलं तर तो दगडी पाला. बागेत शोभेला पसरलेला पिवळ्या फुलांचा वेलही हा माका नव्हे.

आयुर्वेदातलं प्रमाण आहे कल्क एक भाग, तेल चार, रस सोळा. म्हणजे लिटरभर तेलाला पाव किलो वाटण आणि चार लिटर रस! घरच्या मिक्सरवर चार लिटर माक्याचा रस कोण काढतंय? मी लिटरला लिटरच घेतो. मेथी आणि आवळा रात्रभर भिजवून पाल्याबरोबर वाटायचा. तेल लाकडी घाण्याचं खोबरेल, कढई लोखंडी. आवळा लोखंडाला लागला की काळा रंग धरतो, त्यामुळं वाटण काळंकुट्ट दिसलं तरी घाबरायचं नाही.

कढई अर्धीच भरायची, कारण हे उतू येतं, आणि उकळतं तेल गॅसवर सांडलं तर काय होईल ते सांगायला नको. आच मंद. सुरुवातीला नुसती धडधड, वाफ, सगळ्या घराला रानाचा वास. मग बुडबुडे बारीक होतात, आवाज उतरत जातो. इथनं पुढं फोन आला तरी उचलायचा नाही. तळाचा गाळ चमच्यानं काढून, जरा निवल्यावर बोटांत वळायचा. चिकट, ओला लागला तर अजून वेळ आहे. त्याची वात वळता आली की ती निरांजनाच्या ज्योतीवर धरायची. तडतडली तर पाणी शिल्लक, गुपचूप जळली तर गॅस लगेच बंद. त्यापुढं ठेवलं की पाला करपतो आणि तेलाला जळका वास बसतो, तो काही केल्या जात नाही. मग कोमट असताना कोरड्या सुती फडक्यातनं गाळायचं.

"एवढी जास्वंदीची फुलं घालून तेल हिरवं कसं?" हा दुसरा हमखास प्रश्न. जास्वंदीचा लाल रंग पाण्यात उतरतो, तेलात नाही. तेलात उतरतो तो पानांचा हिरवा. बाजारातल्या लालभडक तेलात बहुधा रतनजोत, म्हणजे लाल रंग सोडणारी मुळी, असते किंवा सरळ रंग. लालच पाहिजे असेल तर गरम तेलात रतनजोतीचा तुकडा टाकावा, केसांना त्याचा उपयोग काही सांगता येत नाही.

केस वाढतात का? तसा दावा मी करत नाही. 2003 मध्ये खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना छापून आली होती. केसातलं प्रथिन निघून जाणं त्यात फक्त खोबरेलानं कमी केलं. संशोधन खोबरेल विकणाऱ्या कंपनीतल्याच लोकांचं होतं, तेही सांगून टाकतो. पुंजकेच्या पुंजके गळत असतील तर आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या, तेल नंतर.

आणि मावश्यांनो, बाटली धुऊन लगेच आणू नका. दिवसभर उन्हात पालथी घाला, मग या.