आज नाव काठाकाठानेच

पहाटे बदकांच्या शिकारीला निघालो तेव्हा आमच्या बाजूचं पाणी गुळगुळीत दिसत होतं. पण वारा आपल्याच काठावरून सुटला की लाटा पलीकडे वाढत जातात, इथून काही कळत नाही. दुर्बिणीतून पाहिलं तर मधोमध पांढरा फेस! चपटी नाव, त्यात खरी बदकं भुलवायला नेलेल्या नकली बदकांची पोती, बंदुका, कुत्रा आणि आम्ही दोघं. नावेचा काठ पाण्यावर जेमतेम वीतभर.

सोबती म्हणाला, "नाक लाटेकडे ठेवू, जाऊ हळूहळू." अरे, कुत्रा एका बाजूला झेपावला तर? आणि पठ्ठ्याने लाइफ जॅकेट बुडाखाली घेतलेलं, बसायला! गार पाण्यात पडल्यावर पहिलं १ मिनिट श्वास सावरण्यातच जातं, मग जेमतेम १० मिनिटं हातपाय धड चालतात. जॅकेट घालणार कधी?

शेवटी लव्हाळ्याच्या आडोशाला थांबलो. बदकंही वाऱ्याला कंटाळून तिकडेच आली.