ग्रिलची आच वरून की खालून?

ब्रिटिश पाककृती अमेरिकेतल्या स्वयंपाकघरात करायला घेतली की पहिली अडचण 'ग्रिल'पाशी येते. ब्रिटनमध्ये ग्रिल म्हणजे ओव्हनच्या छतालगतची कॉइल किंवा गॅसचा बर्नर. आच वरून येते. अमेरिकेत ग्रिल म्हणजे जाळी, आणि निखारे तिच्या खाली. वरच्या आचेवर भाजण्याला तिथे 'ब्रॉइल' म्हणतात. त्यामुळे टोस्टवर चीज घालून 'ग्रिल करा' असं लिहिलेलं असेल आणि ते जाळीवर ठेवलं, तर पाव खालून करपतो आणि चीज धड वितळतही नाही.

मुळाशी गेलं तर अमेरिकन अर्थच जास्त जवळचा वाटतो. लॅटिनमध्ये 'क्रातिकुला' म्हणजे छोटी जाळी. फ्रेंचमार्गे तो शब्द १७व्या शतकात इंग्रजीत 'ग्रिल' झाला. 'ब्रॉइल' आला जुन्या फ्रेंचमधल्या 'जाळणे' या क्रियापदावरून. वरची साखर जाळून केलेल्या 'क्रेम ब्रुले' या गोड पदार्थाच्या नावातला 'ब्रुले' त्याचाच भाऊबंद. १४व्या शतकात 'ब्रॉइल' इंग्लंडमध्ये चांगला रुळलेला होता. पुढे तिथे तो मागे पडला, अमेरिकेत मात्र टिकला.

अमेरिकन ओव्हनचं 'ब्रॉइल हाय' म्हणजे सुमारे ५५० अंश फॅरनहाइट, २८८ अंश सेल्सिअस. पाच मिनिटं आधी तापवा, रॅक कॉइलपासून १० ते १५ सेंटिमीटरवर ठेवा आणि तिथून हलू नका. चीज सोनेरी होऊन काळं पडायला अर्धा मिनिटही पुरतो. काचेचं भांडं मुळीच नको, एकदम लागलेल्या आचेने ते तडकतं. बेकिंगचा कागदही नको, तो पेटतो. मांस भाजताना छिद्रांचा दुहेरी ट्रे वापरा, म्हणजे चरबी खाली गळते. ती छिद्रं फॉइलने झाकली तर चरबी वरच साचते आणि भडका उडतो. तसं झालंच तर दार बंद ठेवून ओव्हन बंद करा. पाणी कधीही टाकू नका.

दार किलकिलं ठेवायचं की बंद, हे मॉडेलवर ठरतं. बंद ओव्हन पुरेसा तापला की काही मॉडेलमध्ये थर्मोस्टॅट कॉइल बंद करतो आणि भाजणं थांबतं, म्हणून दार थोडं उघडं ठेवतात. ब्रिटनमधल्या काही गॅस ग्रिलना तर दार उघडंच लागतं. मॅन्युअल सांगेल तेच करा. अमेरिकेतल्या बऱ्याच जुन्या गॅस शेगड्यांत ब्रॉइलर खालच्या ड्रॉवरमध्ये असतो. त्याला सामानाचा कप्पा समजून प्लास्टिकचे डबे ठेवू नका.

भांडी मागवताना चित्र नीट पाहा. अमेरिकेत 'ग्रिल पॅन' म्हणजे उंचवटे असलेला तवा. ब्रिटनमध्ये त्याला 'ग्रिडल पॅन' म्हणतात, आणि 'ग्रिल पॅन' म्हणजे ग्रिलखाली सरकवायचा ट्रे.