कडक दगडावर वस्तरा लावताना: स्लरी कधी दाट, कधी पातळ

जपानमधल्या क्योतोकडचा, धार लावायचा कडक नैसर्गिक दगड नुसत्या पाण्यावर फार हळू काम करतो. तो स्वतःचे कण सहज सोडत नाही, त्यामुळे वस्तरा काचेवरून गेल्यासारखा घसरतो. म्हणून वर पाणी टाकून छोटा दगड घासायचा आणि स्लरी, म्हणजे दगडाच्या कणांचं पाण्यातलं गंध, काढायची. सहाणेवर चंदन उगाळतो तसंच हे काम, आणि गंध किती दाट हवं हे जसं हाताला कळतं तसंच इथेही हळूहळू कळतं.

त्याआधी १००० ग्रिटच्या, म्हणजे जरा भरड कणांच्या, दगडावर धारेचा उतार पूर्ण बसलेला हवा. टाचेपासून टोकापर्यंत प्रत्येक ठिकाणी हातावरचा केस कापला गेला पाहिजे. हे झालं नसेल तर पुढे तासभर घासूनही उपयोग नाही. दगड सपाट आहे का तेही पाहायचं: पेन्सिलीने चौकटी आखून काचेवर चिकटवलेल्या ४०० च्या पॉलिश पेपरवर पाणी घालून घासतो. मधल्या रेघा राहिल्या तर मध्ये खड्डा आहे. कडा आणि कोपरे गोल करून घेतो, छोट्या दगडाचेसुद्धा. धारदार कोपरा मोठ्या दगडावर ओरखडा काढतो.

स्लरी काढायच्या या छोट्या दगडांना नागुरा म्हणतात. मी जपानमधल्या मिकावाचे पांढरे नागुरा वापरतो, भरडाकडून बारीकाकडे क्रमाने बोतान, तेंजो, मेजिरो, आणि शेवटी तोमोनागुरा, म्हणजे मोठ्या दगडाच्याच जातीचा तुकडा. आठ-दहा थेंब पाणी टाकून बोतान हलक्या हाताने गोल फिरवायचा, दुधासारखं होईपर्यंत. मग वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवून, धार पुढे ठेवून तिरके हात मारायचे. प्रत्येक हाताला वस्तरा पाठीवरून उलटायचा. साधारण चाळीस-पन्नास हात. स्लरी करडी पडली की पोलाद निघतंय हे दिसतं. पुढचा नागुरा घेण्याआधी दगड, वस्तरा आणि बोटं धुवायलाच हवीत. बोतानचे दोन कण मेजिरोत राहिले तरी भिंगातून आडवे चरे दिसतात.

खरी चूक शेवटच्या टप्प्यात होते. दाट स्लरीत धार सुट्या कणांतून जाते आणि ते कण तिच्या टोकावर आपटून ते बोथट करतात. उतार चमकतो, पण गालावर ओढ लागते. म्हणून तोमोनागुराची स्लरी मुळातच पातळ काढतो आणि दर वीस हातांनी दोन थेंब पाणी वाढवत जातो. हाताचा दाबही त्याचबरोबर कमी करत जायचा, शेवटी वस्तऱ्याच्या वजनापुरता. शेवटचे पंधरा-वीस हात स्वच्छ पाण्यावर. इथे वस्तरा दगडाला चिकटल्यासारखा ओढला गेला तर थांबून पाणी वाढवा, जोर लावू नका.

कोल्हापुरात एप्रिल-मेमध्ये पंखा चालू असला की स्लरी बघता बघता सुकते. पंखा बंदच ठेवा, आणि थेंब टाकायला ड्रॉपरची बाटली जवळ असू द्या.

स्लरीसाठी डायमंड प्लेटही (हिऱ्याचे बारीक कण बसवलेली धातूची पट्टी) चालते, पटकन निघते. पण नवी प्लेट असेल तर सुटलेला हिऱ्याचा एक कण धारेला बारीक खाच पाडायला पुरेसा आहे, म्हणून ती आधी दुसऱ्या दगडावर बरीच घासून घेतो. नागुरातही काळी-तांबडी रेघ किंवा ठिपका दिसला तर नखाने चाचपतो, खरखरीत वाटला तर तेवढा भाग घासून काढतो. आपल्याकडचा काळा दगड या कामाला घेऊ नका, त्यात वेगवेगळ्या कडकपणाचे स्फटिक आणि बारीक पोकळ्या असतात.

नंतर चामोट्यावर, म्हणजे वस्तरा परजायच्या कातड्याच्या पट्ट्यावर, पन्नास-साठ हात, पाठ पुढे. बाभूळ-हिरड्याने कमावलेलं, चपलांसाठी वापरतात तसलं कातडं मला सगळ्यात आवडतं, मात्र वरचा भाग एकदम गुळगुळीत हवा. पावसाळ्यात वस्तरा ठेवताना कोरडा पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब धारेवर फिरवतो, नाहीतर दोन दिवसांत धारेवर तांबूस ठिपके येतात आणि सगळं पुन्हा १००० पासून.