आमची वाटचाल : चोथ्यात राहिलेलं तेल

पूर्व सिन्नरला पाऊस कसा हुलकावणी देतो, हे नाशिक जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. आमची जमीन मुरमाड आणि उताराची. कांदा लावला तर शेवटच्या दोन पाण्यांना विहीर तळ दाखवणार. पण लोक ज्या जमिनीला नावं ठेवायचे तीच जिरेनियमला, म्हणजे ज्याच्या पाल्यातून अत्तराचं तेल निघतं त्या झाडाला, मानवली. या झाडाला पाण्याची ओढ सोसते, मुळाशी साचलेलं पाणी सोसत नाही. २०१७ साली आम्ही दोघांनी अर्ध्या एकरावर कटिंगची रोपं लावली आणि पुढच्या वर्षी बांधाच्या कडेला स्वतःची डिस्टिलेशनची, म्हणजे वाफेने तेल काढायची, टाकी उभी केली. शेत आमचे हे बघतात. टाकी, तेल आणि वही माझ्याकडे. गावात अजूनही आमच्या वावराला ‘सेंटाचं वावर’ म्हणतात आणि मला ते आवडतं.

टाकी उभी करून दिली ती आप्पांनी. आप्पा नंदुरबारकडचे. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तिखाडीचं, म्हणजे रोशा गवताचं तेल काढायचे. खानदेशच्या डोंगरांत पावसाळा सरता सरता गवत फुलोऱ्यावर आलं की नाल्याच्या काठाला भट्ट्या लागायच्या. हंडा लोखंडाचा नाहीतर तांब्याचा, झाकणातून निघालेली बांबूची नळी, आणि नळीचं दुसरं टोक वाहत्या पाण्यात बुडवून ठेवलेल्या तांब्याच्या भांड्यात. ते तेल मुंबई बंदरातून पार तुर्कस्तानला जायचं आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं. अशा घरातला माणूस आम्हाला भेटला हे आमचं भाग्य. आप्पांनी मजुरी घेतली नाही. पहिल्या दोन वर्षांच्या तेलात चार आणे वाटा ठरला, तोही कागदाशिवाय.

टाकी स्टेनलेसचीच पाहिजे यावर ते अडून बसले. साध्या लोखंडात तेल काळपट उतरतं आणि भाव तिथेच पडतो. दुसरा हट्ट वेगळ्या बॉयलरचा. स्वस्तातल्या टाक्यांत पाणी तळाशी असतं आणि जाळ थेट खालून, त्यामुळे पाला करपला की तेलाला धुराचा वास बसतो, तो नंतर काही केल्या जात नाही. आमच्याकडे वाफ बाहेरून येते, जाळीखालून टाकीत शिरते, मग पाल्यातून वर, हंसमानेतून, म्हणजे वरच्या वाकड्या नळीतून, वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरमध्ये आणि तिथून तेल-पाणी वेगळं करणाऱ्या सेपरेटरमध्ये. सेपरेटरला आप्पांनी काचेची पट्टी बसवून घेतली. आपल्या पाल्याचं तेल पाण्यावर किती चढलं ते शेतकऱ्याला स्टुलावर बसून दिसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्या काचेसाठी फॅब्रिकेटरशी त्यांचं कडाक्याचं भांडण झालं होतं.

पाला भरणं हे तर शास्त्रच आहे. सकाळची कापणी दुपारपर्यंत सावलीत पसरायची, थोडी मरगळली की थर देत भरायची आणि पायाने दाबायची. मधल्यापेक्षा कडेला जास्त दाबायची, कारण वाफ भिंतीलगत वाट काढून पळते आणि मधला पाला कोरडाच राहतो. कंडेन्सरमधून येणारी धार कोमट हवी. गरम आली तर तेल वाफेबरोबर हवेत चाललंय असं समजा. आप्पा त्या नळीवर हात ठेवून बसायचे. मी शेवटचा तास उरकायला बघितलं की म्हणायचे, “घाई नको करू व माय, जड तेल शेवटी येतं.” आमची टाकी साडेतीन-चार तास चालते, त्याआधी मी वाफ बंद करू देत नाही. एक टन पाल्याला साधारण एक किलो तेल, उन्हाळ्यात जरा वर, पावसाळ्यात खाली. एवढ्याशा तेलासाठी एवढा पाला, म्हणूनच शेवटच्या तासाचं मोल.

कापणीबद्दलही सांगून ठेवते, कारण नवीन लोक तिथेच घाई करतात. कॅलेंडर बघून कापू नका. कोवळ्या पानाला लिंबासारखा वास असतो. खालची पानं फिकट पिवळी पडायला लागली आणि चोळल्यावर गुलाबाचा वास आला की विळा काढायचा. पाऊस पडून गेल्यावर दोन-तीन दिवस कडक ऊन मिळाल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि झाड बोडकं करू नका, थोडी पानं ठेवा, नाहीतर फुटवा येत नाही.

आमचं पहिलं तेल मुंबईत मोहम्मद अली रोडवरच्या एका अत्तरवाल्या शेठनी घेतलं. ते आजही घेतात. ताज्या तेलाला उकडलेल्या कोबीसारखा वास असतो. हे माहीत नसलेले व्यापारी माल परत करतात. मी तेल मलमलीचं फडकं बांधून एक रात्र उघडं ठेवते, वास उडून जातो, मग पाणी निथळून अॅल्युमिनियमच्या कॅनमध्ये काठोकाठ भरते. शेठ कागदाची पट्टी बुडवतात, हुंगतात, बाजूला ठेवून चहा मागवतात. आधी पुदिन्यासारखा गारवा लागतो, तो गेल्यावर गुलाब उरतो. तो कितीवेळ टिकतो ते बघून ते भाव बोलतात. पहिल्या वेळी म्हणाले होते, “भाभी, माल में धुआँ नहीं है, यही चाहिए था.” आप्पांच्या बॉयलरचा खर्च त्या एका वाक्यात वसूल झाला, असं मी मानते.

शेजारच्या चार गावांतले शेतकरी पाला घेऊन यायला लागले. आम्ही बॅचमागे पैसे घ्यायचो, तेल ज्याचं त्याला. ती वर्षं बरी गेली.

मग २०१९च्या दिवाळीनंतर तालुक्यात एक कंपनी आली. नाव लिहीत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. मंगल कार्यालयात मेळावा, जेवण, आणि स्टेजमागे जांभळ्या फुलांच्या शेतांचा भलामोठा फ्लेक्स. ती लॅव्हेंडरची शेतं होती, जिरेनियमची नव्हेच. रोपं आमच्या नर्सरीच्या दुप्पट भावाने. वर स्टॅम्पपेपरवर तीन वर्षं तेल विकत घेण्याचा करार आणि भाव किलोला १२,००० रुपये. सगळ्यात गोड बोली पुढची होती : तेल काढून द्यायचे पैसे नाहीत, फक्त चोथा, म्हणजे तेल काढून उरलेला पाला, कंपनीचा.

आमच्याकडे येणारे एकेक करून तिकडे गेले. मी कोणाला अडवलं नाही, पण दोन गोष्टी सांगितल्या होत्या आणि त्या इथे पुन्हा सांगते. जिरेनियमचं तेल पाण्याहून हलकं असतं, एका लिटरचं वजन किलोच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास भरतं. शेतकरी घरी लिटरमध्ये मोजतो, कंपनी किलोने भाव बोलते. दहा लिटर घेऊन गेलेल्या माणसाचं किलोभर तेल तराजूवर दिसतच नाही आणि त्याला वाटतं भाव तर बारा हजारच आहे. दुसरी गोष्ट, जो फुकट काम करून देतो तो कुठून तरी घेणारच. माझं बोलणं लोकांना पोटदुखीचं वाटलं. एकाने तसं तोंडावर म्हटलं.

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली. शेतीची कामं चालू होती, पाला वाढत होता, पण मुंबईची अत्तराची बाजारपेठ बंद. आमचं तेल घरातल्या अंधाऱ्या खोलीत कॅनमध्ये. टाकीवर पाला येईना, बॉयलरचा हप्ता मात्र यायचा. माझे दागिने गहाण गेले ते याच उन्हाळ्यात. आप्पा गावाकडे अडकलेले. आणि समोरच्या रस्त्यावरून कंपनीच्या शेडकडे ट्रॅक्टर जायचे. दिवसाला आम्ही दोन बॅच काढायचो तिथे ते पाच काढतात, असं लोक कौतुकाने सांगायचे. रात्रीसुद्धा त्यांचं धुराडं चालू असायचं. कंपनी तेल घ्यायची आणि पावती द्यायची. पैसे ‘बाजार उघडल्यावर’.

प्रवास सुरू झाल्यावर आप्पा आले. त्याच आठवड्यात आमचा एक जुना शेतकरी कंपनीशी भांडून स्वतःचा चोथा ट्रॉलीत भरून निघाला. डाळिंबाच्या बुंध्याला आच्छादन घालायला त्याला तो हवा होता. पाणी प्यायला आमच्याकडे थांबला. आप्पांनी ट्रॉलीतला मूठभर गरम चोथा घेतला, चोळला आणि मला बोलावलं. गुलाबाचा वास येत होता. पुरती वाफ खाल्लेल्या चोथ्याला तसा वास येत नाही, उकडलेल्या चाऱ्याचा येतो. आम्ही ती सगळी ट्रॉली तशीच आमच्या टाकीत भरली. शेतकरी काचेसमोर स्टुलावर बसला. तासाभरात पट्टीवर पिवळसर रेघ धरली आणि ती वाढत गेली. शेवटी वजन केलं तेव्हा पाव किलोच्या वर तेल होतं. कंपनीने त्याच पाल्याचं ‘पूर्ण तेल’ म्हणून त्याला आदल्या पावतीवर जे दिलं होतं, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं.

कंपनी दिवसा दीड तासात वाफ बंद करायची आणि रात्री तोच चोथा पुन्हा उकळून उरलेलं तेल आपल्या कॅनमध्ये. पाच बॅच कशा होत होत्या आणि धुराडं रात्री का चालू होतं, ते त्या संध्याकाळी सगळ्यांना कळलं. तो शेतकरी बाटली घेऊन घरोघर फिरला.

वाटेल की आमचे दिवस तिथून पालटले. तसं झालं नाही. त्याच महिन्यात शेठचा फोन आला. त्यांच्याकडे सिन्नरचं म्हणून जिरेनियम विकायला आलं होतं आणि त्यात बाहेरून आणलेलं जिरॅनिऑल, म्हणजे तेलातलाच गुलाबाच्या वासाचा एक घटक, ओतलेलं होतं. पट्टीवर गारवा नाही, मधला भाग नाही, सरळ सपाट गोड वास. बाजारात आता सिन्नरचा माल कोणी घेणार नाही, असं ते म्हणाले. आमचा त्यात थेंब नव्हता. पण गावाचं नाव आमच्या कॅनवरही होतं. पुढे वर्ष संपायच्या आत कंपनीच्या शेडला कुलूप लागलं, आणि ज्यांचे पैसे बुडाले त्यातले काही आमच्या फाटकाशी येऊन आम्हालाच बोल लावायला लागले. तालुक्यात जिरेनियम आधी आम्ही आणलं, म्हणून. ज्यांना मी सावध केलं होतं तेच. ते बोलणं मी विसरलेली नाही आणि विसरणारही नाही.

आम्ही केलं ते एवढंच. ज्यांच्या घरात स्वतःचं तेल पडून होतं त्यांना आणायला सांगितलं आणि आमच्यासकट सगळ्यांचे नमुने गॅस क्रोमॅटोग्राफीला, म्हणजे तेलात कोणता घटक किती ते सांगणाऱ्या तपासणीला, पाठवले. तपासणीचा खर्च आमचा. सिट्रोनेलॉल, जिरॅनिऑल, आयसोमेंथोन, या सगळ्या घटकांची मात्रा खऱ्या तेलाची असते तशी निघाली. ते कागद घेऊन मी आणि आप्पा शेठकडे गेलो. त्यांनी कागद बाजूला ठेवले, प्रत्येक कॅनची पट्टी स्वतः बघितली आणि सगळा माल घेतला. भाव पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी होता, पण पैसे रोख होते आणि त्यातून शेतकऱ्यांना कंपनीच्या पावत्यांपेक्षा खरं काहीतरी मिळालं. आमचा बॉयलरचा हप्ताही त्यातच सुटला. नाहीतर टाकी भंगारात गेली असती.

आता आमचं तीन एकर आहे, दुसरी टाकी आहे आणि उरलेला चोथा वाळवून आम्ही बॉयलरलाच जाळतो. आप्पांना आताशा प्रवास झेपत नाही. पहिल्या टाकीचा वाटा संपून किती दिवस झाले, तरी दर दिवाळीला तेलाची एक बाटली नंदुरबारला जाते.

लॅव्हेंडर लावू का, असं विचारणारे फोन फार येतात, त्यांना इथेच उत्तर देते. लॅव्हेंडर जम्मूकडे भद्रवाहला होतं. अरोमा मिशन या सरकारी योजनेतून तिथल्या शेतकऱ्यांनी मक्याच्या जागी ते धरलं आणि चांगलं केलं. त्याला कडक थंडी लागते, कोरडा उतार लागतो, आणि फुलं काढणीला येतात जून-जुलैत. आपल्याकडे तेव्हा आषाढ असतो. कुंडीत हौसेला लावा, एकरावर नको. जिरेनियमसुद्धा लावण्याआधी भर पावसात आपलं वावर बघून या. चोवीस तास पाणी उभं राहत असेल तर मूळकूज ठरलेली, मग रोपं कितीही चांगली असोत.

त्या कंपनीतली माणसं आता दुसऱ्या जिल्ह्यात दुसऱ्या नावाने रोपं विकतात. तिथले शेतकरी आमचा नंबर शोधून विचारतात. मी त्यांना करारात तीन ओळी लिहून मागायला सांगते : टाकी किती तास चालणार, तेल वजनावर घेणार की मापावर, आणि चोथा कोणाचा. गेल्या महिन्यात एका गावाने सगळ्यांच्या सह्यांनी तशी मागणी दिली. तीन तासांना कंपनीवाले तयार झाले, वजनालाही तयार झाले. चोथ्यावर बोलणं थांबलं आहे.